एका रेकॉर्डसाठी रात्रभर रांग?

मी मूळची कोल्हापूरची. इंग्लंडमधल्या लीड्स शहरात एका स्वतंत्र रेकॉर्डच्या दुकानात काउंटरला असते आणि या पानावर जुन्या-नव्या तबकड्यांविषयीच्या प्रश्नांना उत्तरं देते. मागच्या अंकात ‘रेकॉर्ड स्टोअर डे’चा, म्हणजे रेकॉर्डच्या स्वतंत्र दुकानांच्या वार्षिक दिवसाचा, ओझरता उल्लेख आला होता. या वेळची बहुतेक पत्रं त्यावरच आहेत, म्हणून हे पान पूर्ण त्यालाच दिलं आहे.

ताई, माझी धाकटी मुलगी मँचेस्टरला शिकते. एप्रिलमधल्या एका शनिवारी ती आणि तिची मैत्रीण पहाटे तीनपासून रेकॉर्डच्या दुकानाबाहेर रांगेत उभ्या राहणार आहेत म्हणे. सगळी गाणी फोनवर मिळत असताना हे काय खूळ? तिला जाऊ द्यावं का?
— निवृत्त शिक्षक, नाशिक

सर, जाऊ द्या. दुकानदारांनी आपला धंदा जगवायला काढलेला हा दिवस आहे आणि तो जगवला तो तुमच्या मुलीसारख्या गिऱ्हाइकांनीच.

२००६ मध्ये अमेरिकेतली टॉवर रेकॉर्ड्स ही मोठी साखळी दिवाळखोरीत निघाली. गाणी इंटरनेटवर गेली होती, सीडी सुपरमार्केटात किराण्याबरोबर स्वस्तात मिळत होत्या आणि रेकॉर्डची दुकानं आता संपली, असंच सगळे धरून चालले होते. पुढच्याच वर्षी काही स्वतंत्र दुकानदार बाल्टिमोरला जमले. त्यांतले ख्रिस ब्राउन हे मेन राज्यातल्या ‘बुल मूस’ या दुकानांचे. कॉमिक्सवाले वर्षातून एक दिवस फुकट कॉमिक्स वाटतात आणि दुकानं भरतात, तसं आपणही काहीतरी करू, असं त्यांनी सुचवलं. पहिला रेकॉर्ड स्टोअर डे १९ एप्रिल २००८ ला झाला. कॅलिफोर्नियातल्या माउंटन व्ह्यू इथल्या ‘रासपुटिन म्युझिक’ या दुकानात त्या दिवशी मेटॅलिका या रॉक बँडचे वादक स्वतः येऊन चाहत्यांना भेटले. तेव्हापासून दर वर्षी एप्रिलमधला एक शनिवार या दिवसासाठी राखलेला असतो. २०२० मध्ये कोविडमुळे तो ऑगस्ट, सप्टेंबर आणि ऑक्टोबरमधल्या तीन शनिवारांवर विभागला गेला आणि २०२१ मध्ये जून-जुलैमधल्या दोन शनिवारांवर, एवढेच अपवाद.

त्या दिवसासाठी कंपन्या आणि कलाकार खास रेकॉर्ड काढतात. कुणाचं कधीच न छापलेलं मैफिलीचं रेकॉर्डिंग, कुणाची वर्षानुवर्षं न मिळणारी जुनी एलपी, कुणाची दोनच गाण्यांची सात इंची तबकडी. यादी काही आठवडे आधी जाहीर होते, त्यात काहीशे नावं असतात. ब्रिटनमध्ये अडीचशेहून अधिक दुकानं भाग घेतात आणि सगळ्यांना नियम तेच. आधी नोंदणी नाही, ओळखीच्या माणसासाठी बाजूला काढून ठेवणं नाही, एका माणसाला एका रेकॉर्डची एकच प्रत. आधी येईल त्याला मिळेल. उरलेला माल ऑनलाइन विकायचा तर सोमवार संध्याकाळपर्यंत थांबायचं. म्हणून ही रांग.

आमच्याकडे खोकी त्या आठवड्यात येतात आणि मागच्या खोलीत बंद राहतात. आम्ही दुकानात पोचतो तेव्हा अंधार असतो. बाहेर घडीच्या खुर्च्या, थर्मास, गुडघ्यावर ब्लँकेट. एप्रिलमध्ये इथे पहाटे हात गारठतात, आमच्यातलं कुणीतरी किटली घेऊन रांगेतून फिरतं. सगळ्यांच्या हातात यादीचा कागद, त्यावर हव्या त्या नावांना खुणा. एकमेकांचे कागद बघितले जातात. “तुला डेव्हिड बोवीची रेकॉर्ड हवीय का? मला नकोय, मग माझ्यापुढे जा,” असं सहज बोलणं चालतं. सत्तरीच्या पुढचे गृहस्थ आणि कॉलेजातली मुलगी रेगे गाण्याच्या एकाच सात इंची तबकडीसाठी आलेले असतात, आणि दार उघडेपर्यंत त्यांची इतकी ओळख होते की पुढे वर्षभर दोघं भेटायचं ठिकाण म्हणून आमच्याच दुकानात येतात. आठला दार उघडतं. दहा-दहा माणसं आत सोडतो. कुणाला हवं ते मिळतं, कुणाच्या अगदी पुढच्याच माणसाने शेवटची प्रत उचललेली असते. तेव्हा त्या माणसाचा चेहरा बघवत नाही. आम्ही मागवतो तेवढा माल आम्हालाही मिळत नाही. कुठल्या रेकॉर्डच्या किती प्रती येणार, हे ठरवणारे वेगळेच असतात.

तुमच्या काळजीबद्दल. मैत्रिणीबरोबर जाते आहे ते बरंच आहे. रात्रभर उभं राहायची गरज फक्त एखाद-दुसऱ्या गाजलेल्या नावासाठी असते. त्या नावाच्या मागे नसेल तर सहा-सातला गेली तरी यादीतलं पुष्कळ मिळेल, दहा वाजता तर निवांत. तिला सांगा, आदल्या आठवड्यात दुकानात जाऊन विचार, “तुम्ही काय काय मागवलं आहे?” प्रत्येक दुकान सगळं मागवत नाही. चार तास थंडीत उभं राहून, ती रेकॉर्ड इथे आलीच नाही, हे कळणं वाईट. पोटात काहीतरी घालून जाऊ दे आणि पायांत दोन जोड मोजे.

मर्यादित प्रती म्हणजे कंपन्यांनी मुद्दाम केलेली टंचाई नाही का? छापता येतं तर जास्त छापा, सगळ्यांना मिळेल.
— एक वाचक, कोथरूड, पुणे

थोडी मुद्दाम आहे आणि थोडी खरी आहे.

खरी कशी, ते आधी. रेकॉर्ड करण्यासाठी पहिल्यांदा लॅकर या रोगणाचा थर दिलेल्या अॅल्युमिनियमच्या चकतीवर सुईने खोबणी कोरतात. तिच्यावर चांदीचा पातळ थर, मग निकेल चढवून उलटा साचा काढतात, त्यावरून पुढचे साचे. शेवटच्या साच्यांच्या जोडीत विनाइल या प्लॅस्टिकचा गरम, भाकरीच्या उंड्याएवढा गोळा ठेवून दाबला की तबकडी तयार. दाबायला अर्धं मिनिटही पुरतं, त्याआधीच्या कामाला मात्र आठवडे जातात. सीडीच्या काळात बहुतेक कारखाने बंद पडले, यंत्रं भंगारात गेली. आता मागणी परतली आहे. २०२२ मध्ये अमेरिकेत १९८७ नंतर पहिल्यांदा सीडींपेक्षा विनाइल रेकॉर्ड जास्त खपल्या, सुमारे ४ कोटी १० लाख. पण कारखाने काही एका रात्रीत उभे राहत नाहीत. त्यात फेब्रुवारी २०२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या बॅनिंगचा अपोलो मास्टर्स हा कारखाना जळाला. लॅकरच्या चकत्या करणारे जगात मोठे असे दोनच कारखाने होते, हा आणि जपानमधला. राहिला जपानचा.

आता मुद्दाम केलेली टंचाई. ‘मर्यादित’ या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. टेलर स्विफ्टची २०२३ ची या दिवसाची रेकॉर्ड एकट्या अमेरिका-कॅनडासाठी ७५,००० प्रतींची होती. दुसरीकडे एखाद्या गावातल्या बँडची रेकॉर्ड पाचशेचीच असते, कारण तेवढेच पैसे त्यांच्याकडे असतात. दोन्हींवर शिक्का तोच.

मला खरा राग येतो तो वेगळ्या गोष्टीचा. मोठ्या कंपन्या या दिवसासाठी जुन्या, लाखांनी खपलेल्या एलपी रंगीत करून पुन्हा काढतात आणि त्यासाठी महिनोन्‌महिने आधी कारखान्यांची यंत्रं अडवून ठेवतात. छोट्या लेबलांची, म्हणजे छोट्या रेकॉर्ड कंपन्यांची, नवी गाणी त्या रांगेत मागे पडतात. वर्षभर दुकानं जगवतात ती हीच छोटी लेबलं. २०१५ मध्ये सॉनिक कॅथीड्रल आणि हाउलिंग आउल या दोन ब्रिटिश लेबलांनी याच्या निषेधात एक सात इंची रेकॉर्ड काढली, ३६५ प्रतींची, आणि ती दिवसाला एक अशी वर्षभर विकली. मला ती कल्पना फार पटली. तीस पौंडांची नवी छापलेली जुनी एलपी कुणी काउंटरवर आणली, तर मी मागच्या जुन्या रेकॉर्डच्या खोक्याकडे बोट दाखवते. तीच एलपी, तेव्हाचीच छपाई, पाच-सहा पौंडांत पुष्कळदा तिथे असते. मालकांनी मला याबद्दल कधी हटकलेलं नाही. ते गिऱ्हाईक पुढच्या महिन्यात परत येतं, हे त्यांना माहीत आहे.

आणखी एक, बाहेरच्यांना दिसत नाही असं. या दिवसाचा माल दुकानं रोख घेतात आणि उरलेला परत करता येत नाही. चुकीची रेकॉर्ड जास्त मागवली तर ती दुकानाच्या गळ्यात. जूनमध्ये आमच्याकडे आलात तर कोपऱ्यात हा उरलेला माल स्वस्तात लावलेला असतो. तिथे जरूर बघा.

भाचा लंडनला आहे. त्याच्याकडून या दिवशी दहा-बारा रेकॉर्ड घेऊन ठेवल्या आणि पाच वर्षांनी विकल्या, तर गुंतवणूक म्हणून कसं राहील?
— एक वाचक, ठाणे

नका करू. पहिल्या दोन-तीन दिवसांत इंटरनेटवर दुप्पट-तिप्पट भाव दिसतो, ते मागितलेले भाव असतात. नंतर बऱ्याच रेकॉर्ड मूळ किमतीच्या खाली येतात आणि पुढच्या एखाद्या वर्षी कंपनी तीच पुन्हा छापते. शिवाय रांगेत उभं राहून ऐकणाऱ्याच्या हातची प्रत विकण्यासाठी उचलणाऱ्या माणसाला आमच्याकडे कुणी चांगलं म्हणत नाही. पैसे गुंतवायचे तर पोस्टात ठेवा. भाच्याला त्याला आवडणारी एक रेकॉर्ड घेऊ द्या.

रंगीत, जाड, १८० ग्रॅमची रेकॉर्ड जास्त चांगली वाजते का? इथल्या दुकानात तसं सांगतात.
— एक वाचिका, न्यू जर्सी

वजनाने आवाज सुधारत नाही. नेहमीची एलपी १४० ग्रॅमच्या आसपास असते, १८० वाली हातात भारदस्त लागते आणि वाकायची शक्यता थोडी कमी, इतकंच. आवाज ठरतो तो मूळ ध्वनिमुद्रण कुठून घेतलं, खोबणी कुणी कोरली आणि साचा किती झिजल्यावर तुमची प्रत निघाली, यावर. रंगीत रेकॉर्ड नीट छापलेली असेल तर काळ्याइतकीच चांगली वाजते. चमकी घातलेल्या किंवा आत चित्र असलेल्या पिक्चर डिस्कमध्ये खरखर जास्त येते. भिंतीवर लावायची असेल तर ती घ्या, ऐकायला काळी.

दुकानात उभ्याच आहात तर रेकॉर्ड उजेडात तिरकी धरून शेवटच्या खोबणीच्या आतली गुळगुळीत पट्टी बघा. तिथे साच्याचा क्रमांक असतो, पुष्कळदा खोबणी कोरणाऱ्याची आद्याक्षरं हाताने कोरलेली असतात, क्वचित एखादा छोटा निरोपही. कुठली छपाई चांगली, हे जाणकार तिथूनच ओळखतात. आणि मधला कागद बघा, तो चिकटवलेला नसतो. आधी भट्टीत वाळवून विनाइलबरोबरच दाबलेला असतो, म्हणून पन्नास वर्षांनीही सुटत नाही.

नातीने परदेशातून येताना या रेकॉर्ड डेला घेतलेली एलपी आणि एक नवं टर्नटेबल आणलं. घरात तिच्या पणजोबांची लाकडी पेटीभर रेकॉर्ड आहेत, जुन्या, जड, पडल्या तर फुटणाऱ्या. त्यांत अब्दुल करीम खाँसाहेबांच्याही आहेत. नात म्हणते, याच मशीनवर लावू. स्पिरिटने पुसून घेतल्या तर चालतील का?
— एक वाचिका, मिरज

स्पिरिट अजिबात लावू नका. हे उत्तर वाचेपर्यंत बाटली कपाटातून बाहेरच काढू नका.

तुमच्या रेकॉर्ड मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या आहेत आणि त्या विनाइलच्या नाहीत. त्यांत लाख आहे, दगडाच्या बारीक भुकटीत मिसळलेली. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. एकदा पुसलंत की खोबणीचा वरचा थर मऊ होऊन आवाज कायमचा जाईल. विनाइल साफ करायच्या बाजारातल्या बऱ्याच द्रव्यांत अल्कोहोल असतं, म्हणून तीही नकोत. बॅटरीत घालायचं मिळतं तसं डिस्टिल्ड पाणी घ्या, त्यात भांड्याच्या साबणाचा एखादा थेंब. मऊ सुती कापड त्यात भिजवून घट्ट पिळा आणि खोबणीच्या दिशेने गोल पुसा, आडवं नाही. मधल्या कागदाला पाणी लागू देऊ नका. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याचं कापड, मग लगेच कोरडं. उभ्या करून पंख्याखाली वाळवा, उन्हात नाही. तडा गेलेली असेल ती धुवायची नाही, नुसत्या मऊ ब्रशने झटकायची.

आता मशीन. आधी त्यावर ७८ चा आकडा आहे का बघा. अनेक नव्या टर्नटेबलांवर फक्त ३३ आणि ४५ असतं. आकडा असला तरी एलपीची सुई चालणार नाही. जुन्या रेकॉर्डची खोबणी एलपीच्या खोबणीपेक्षा कितीतरी रुंद, बारीक सुई तळाशी जाऊन घासते, गाणं कमी आणि खरखरच जास्त ऐकू येते. ७८ साठी वेगळी, जाड टोकाची सुई मिळते. पुष्कळ टर्नटेबलांवर ती बदलून लावता येते. मॉडेलचं नाव दुकानात दाखवून मागा. आणि उलटी चूकही कुणी करू नये. घरात भोंग्याचा चावीवाला ग्रामोफोन असेल तर त्यावर नातीची एलपी लावू नका. पोलादी पिन ती एकाच फेरीत नांगरून टाकेल. ग्रामोफोनवर ७८ लावत असाल तर प्रत्येक बाजूला पिन नवी, ही जुन्या माणसांची शिस्त बरोबर होती.

तुमच्या पेटीबद्दल वाचून मला फार बरं वाटलं. खाँसाहेब मिरजेत राहिले आणि १९३७ मध्ये गेले, आज त्यांचा आवाज आपल्याजवळ आहे तो अशाच तबकड्यांमुळे. एका बाजूला साडेतीन मिनिटांच्या आसपास, तेवढ्यात राग उभा करायचा. रेकॉर्ड पुसून झाल्या की कुठलं नाव, कुठली कंपनी, कागदावरचा क्रमांक काय, एवढं वहीत उतरवा, कागदाचे फोटो काढा. मुंबईत १९९० पासून ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही मंडळी अशा तबकड्यांची माहिती जमवत आली आहेत. तुमच्या यादीत त्यांना हवं असलेलं एखादं नाव निघू शकेल. पेटी मात्र मोडीत देऊ नका, आणि कुणी दारावर येऊन “सगळ्या मिळून इतके देतो” म्हणालं तर हो म्हणू नका.

आपल्याकडे असा दिवस का नाही? काळा घोड्याचं रिदम हाउस गेलं तेव्हापासून रेकॉर्ड हातात घेऊन बघायची जागाच उरली नाही.
— एक वाचक, दादर

रिदम हाउस २०१६ मध्ये बंद झालं. ते दुकान डोळ्यांसमोर असणाऱ्या तुमच्या पिढीचं दुःख मला समजतं. पण जागा उरली नाही असं म्हणू नका. दादरहून दोन स्टेशनं पुढे, माहीमला, ‘द रिव्हॉल्व्हर क्लब’ आहे. तिथे रेकॉर्ड हातात घेता येते, ऐकता येते आणि रेकॉर्ड स्टोअर डेही साजरा होतो. चोरबाजारात जुन्या तबकड्यांचे ढीग अजून आहेत. तिथे जाताना छोटी टॉर्च ठेवा आणि रेकॉर्ड कव्हरातून बाहेर काढून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. कव्हर एकाचं आणि आत तबकडी दुसऱ्याची, हे नेहमीचं. २०२४ मध्ये नवी मुंबईत रेकॉर्ड छापायचा कारखानाही सुरू झाला. आपल्याकडे कित्येक वर्षं तो नव्हता, नव्या भारतीय रेकॉर्ड परदेशात छापून आणाव्या लागत.

मला मनापासून वाटतं ते असं. आपल्याकडच्या दिवसाला मेटॅलिका किंवा बोवीची गरज नाही. नाट्यसंगीत, भावगीतं, कुमारजी, भीमसेनजी, यांच्या एलपी घरोघरी माळ्यावर पडल्या आहेत. पावसाळ्यात कव्हरांना बुरशी येते आणि दिवाळीच्या साफसफाईत त्या रद्दीत जातात. एखाद्या वाचनालयाने किंवा संगीत मंडळाने वर्षातून एक दिवस टर्नटेबल लावून लोकांना आपापल्या रेकॉर्ड घेऊन बोलावलं तर केवढी गर्दी होईल. तुमच्याकडे वेळ आहे, ओळखी आहेत असं पत्रावरून दिसतं. तुम्ही सुरुवात करता का? मला कळवा, तारीख या पानावर छापू.

लंडनहून येणाऱ्या पाहुण्यांकडून रेकॉर्ड मागवली आहे. सामानात कशी आणायला सांगू?
— एक वाचिका, रत्नागिरी

हातातल्या बॅगेत, कपड्यांच्या मध्ये, उभी. एलपीचं कव्हर साधारण ३१ सेंटिमीटर असतं, केबिन बॅगेत बहुधा बसतं, पण आधी मोजून घ्यायला सांगा. दोन बाजूंना जाड पुठ्ठा. तबकडी कव्हरातून काढून, आतल्या कागदी पाकिटासकट कव्हराच्या मागे ठेवायची, नाहीतर प्रवासात हादऱ्याने कव्हराची वरची कड फाटते. मुंबईहून रत्नागिरीला गाडीने आणणार असाल तर मागच्या काचेखालच्या फळीवर ठेवू नका, डिकीतही नको. मे महिन्यात तिथे ती वाकेल. सीटच्या पाठीमागे, सावलीत, उभी.